येळवशीच्या दिवशी बसवलेला उंदीर

सकाळी दूध घेऊन येणाऱ्या माणसांच्या आधी मला लॅपटॉप उठवावा लागायचा. बटण दाबायचं, मग दूध तपासायच्या मशीनच्या नळीतून कोमट पाणी फिरवायचं, कॅन धुवायचे, ओटा झाडायचा, आणि परत येऊन बघावं तर पडद्यावर ते गोल गोल अजून फिरतच असायचं. पंखा मात्र असा घरघरायचा की आत कुणीतरी पिठाची गिरणी लावलीय असं वाटावं. तेवढ्यात दारात पहिली किटली टेकायची.

"काय रं भातवाल्या, उठलं का तुझं डबडं?"

"उठतंय, काका. थांबा जरा."

"आमची म्हैस उठती, धार देती, रवंथ करत बसती. तुझं डबडं अजून डोळे चोळतंय."

मागचे हसायचे. मीही हसायचो.

वाशी तालुक्यातल्या एका गावात, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत आमचं दूध संकलन केंद्र आहे. आमचं म्हणतो, पण ते अण्णांचं, गावातल्या एका शेतकऱ्याचं. मी तिथं कामाला असलेला माणूस. गावातली माणसं दूध आणतात, काट्यावर वजन होतं, वाटीभर दूध फॅटच्या मशीनला लावलं की त्यात किती फॅट आहे ते कळतं. काटा आणि मशीन दोन्ही तारेनं लॅपटॉपला जोडलेले. आकडे आपोआप आत जातात, पावती निघते आणि तेच आकडे वर शीतकरण केंद्राला पोचतात. लॅपटॉप अडला की सगळं अडतं. दूध कॅनमध्ये, माणसं थंडीत, आणि दूध न्यायला आलेला पिकअप बाहेर हॉर्न वाजवत.

मी इथला नाही. गडचिरोलीकडचा. आठवीनंतरची शाळा नदीपलीकडं होती आणि पावसाळ्यात डोंगा बंद असायचा. एका पावसाळ्यात गेलो नाही, मग गेलोच नाही. पुढं पवनचक्क्यांच्या तारांसाठी चर खणणाऱ्या टोळीबरोबर या माळावर आलो. काम संपलं, टोळी परत गेली, आणि मी तापानं फणफणून देवळाच्या ओसरीत पडून राहिलो. मुकादम म्हणाला होता, बरा झालास की ये मागून. कुठं यायचं ते सांगितलं नव्हतं.

अण्णांनी मला तिथनं उचललं. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, ज्वारीच्या कण्या ताकात कालवून पाजल्या. भात खाणाऱ्या माणसाला त्या कण्या घशाखाली उतरेनात, तर त्या म्हणाल्या, औषध समजून गिळ. ताप उतरला. मी कॅन उचलायला लागलो. मग मशीन धुवायला, मग मशीन लावायला, आणि मग लॅपटॉपवर बसायला. केंद्राच्या मागं एक खोली आहे, ती मला दिली. कुणी मला हाकललं नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझी ती दोन-तीन वर्षं उभी होती. माझ्या बोलण्यातलं 'मले' आणि 'काहून' ऐकून पोरं नक्कल करायची, त्याचंही मला बरंच वाटायचं. नक्कल आपल्यातल्याच माणसाची करतात, असं मी मनाशी धरलं होतं.

लॅपटॉप अण्णांच्या लेकीचा. धाराशिवला कॉलेजात होती तेव्हा घेतलेला, सगळ्यात हलक्यातला. ती नोकरीला लागून पुण्याला गेली तेव्हा तो घरी आला आणि घरून केंद्रावर. त्याची मेमरी मुळातच कमी, त्यात जागा पण कमी. विंडोजचं एकेक अपडेट आत येऊन बसत गेलं आणि शेवटी त्या बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागा राहिली नाही. मी फोटो काढून टाकले, खेळ काढले, न लागणारं सगळं काढलं. चार दिवस बरं चालायचं, मग परत घरघर.

त्या थंडीत एका सकाळी तो मधेच बंद पडला. पावत्या निघेनात. पिकअपवाला थांबला, मग थांबेना. ओट्यावर भरलेले कॅन तसेच राहिले आणि अण्णांना ते दुसऱ्याच्या टेम्पोत घालून न्यावे लागले. दुपारी शीतकरण केंद्राचे सुपरवायझर आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, लॅपटॉपकडं बघितलं आणि अण्णांना म्हणाले की आकडे वेळेवर वर आले नाहीत तर मला वरचे बोलतात. येत्या अमावस्येची येळवस झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः येतो, पहिल्या कॅनपासून बसतो. त्या दिवशी पण असंच झालं तर तुमच्या गावचं दूध शेजारच्या गावाला जोडावं लागेल.

अण्णा मान हलवत राहिले. सुपरवायझर गेल्यावर ते म्हशींकडं निघून गेले. नवा लॅपटॉप घ्यायचा विषय त्यांनी काढला नाही, मी तर कसा काढणार. केंद्र गेलं तर अण्णांच्या म्हशी राहतात, शेत राहतं, घर राहतं. माझं काय राहतं? मागची खोली केंद्राचीच होती. रात्री पत्र्यावर बोरीची फांदी घासायची त्याचा आवाज मला तोवर आवडायचा. त्या आठवड्यात तो ऐकला की मी उठून बसायचो.

धाराशिवला एका दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो. एसटीत मांडीवर धरून नेला, आजारी लेकरासारखा. दुकानदारानं मागचं झाकण उघडलं आणि मला बोलावून दाखवलं. मेमरी पाटीवरच चिकटवलेली होती, बदलता येणारी नव्हती. म्हणाला, याच्यात वाढवायला काही जागाच नाही. याच्या अंगावरचं ओझं कमी करता आलं तर करा. विंडोज काढून एखादी हलकी सिस्टीम टाका, लिनक्समधली. कुठली, विचारलं तर म्हणाला, लई हायेत, मोबाईलवर बघा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि आधी नुसतं चालवून बघा. आवडली तर बसवा.

मग सुरू झालं माझं बघणं. सकाळचं आणि संध्याकाळचं दूध यांच्या मधल्या वेळात मी मोबाईल घेऊन बसायचो. व्हिडिओ इंग्रजीत, काही हिंदीत, सगळे भराभरा बोलणारे. त्या सिस्टीमींची नावं माझ्या तोंडात बसत नव्हती, म्हणून मी त्यांना चित्रांवरनं ओळखायला लागलो. एकीचं चित्र पाखरू, एकीचं कुत्र्याचं पिल्लू, एकीचं उंदीर. काकू एकदा ताक घेऊन आल्या आणि विचारलं, काय बघतोस एवढं? मी म्हणालो, पाखरू घ्यावं का पिल्लू का उंदीर, कळंना. काकू म्हणाल्या, कुत्रं घे. राखण तरी करंल.

पिल्लू खरंच पळत होतं. पेन ड्राइव्ह लावला आणि डोळा लवायच्या आत पडदा समोर. मला वाटलं, हेच. पण बंद करून परत चालू केलं की सगळं विसरायचं. ते विसरू नये म्हणून काय करायचं ते एका व्हिडिओत सांगितलं होतं, मी तसं केलं, तरी मधेच एखादी गोष्ट गळायची. दुधाच्या धंद्यात विसरणारं काही चालत नाही. कालचं किती, हे सगळ्यांना पाठ असतं, माझ्या आधी.

पाखरू दिसायला देखणं. मराठी अक्षरं पण स्वच्छ. पण दुधाचा प्रोग्राम आणि बरोबर एक इंटरनेटचं पान उघडलं की ते हळूहळू जड व्हायचं आणि पंख्याची ती ओळखीची घरघर ऐकू यायची. तो आवाज आला की माझा हात आपोआप बंद करायच्या बटणाकडं जायचा.

उंदीर साधा होता. राखाडी पडदा, खाली एक पट्टी, बस. उघडायला पिल्लापेक्षा जास्त वेळ घ्यायचा, पण उघडला की उघडला. आमच्या दुधाच्या प्रोग्रामची एक जुनी, साधी आवृत्ती होती, ती कशावरही चालते असं फॅट मशीनवाल्या दादांनी सांगितलं होतं. हे दादा धाराशिवचे, तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांची मशीनं तेच बघतात. ती आवृत्ती मी पेन ड्राइव्हवरच्या उंदरात टाकून बघितली. चालली. पावती निघाली. मशीनची तार लावली, दुधाची वाटी लावली, आणि आकडा पडद्यावर आला. पंखा गप्प होता. मी कितीतरी वेळ त्या गप्प लॅपटॉपकडं बघत राहिलो.

पण हे सगळं पेन ड्राइव्हवरचं. नुसतं चाखून बघितलेलं. रोज सकाळी पेन ड्राइव्हवर चालवायचं म्हणजे तो जरा हलला की गाडी बंद, आणि ओट्यावर तर कॅनचे धक्के सारखे बसतात. कायमचं बसवायचं तर आतलं सगळं पुसावं लागणार होतं. त्यासाठी मला मोकळा वेळ हवा होता, मधे दूध येणार नाही असा. आणि असा वेळ वर्षातनं एकदाच होता.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं हा सण नाही, मी इथं येऊनच बघितला. त्या दिवशी अख्खं गाव शिवारात जातं. कडब्याची खोप करून पूजा मांडतात, शेंगा-भाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे म्हणजे उकडलेले गोळे, खीर, आणि मडक्यातली आंबील. ती आंबील करायला आधीपासून ताक साठवतात, त्यामुळं केंद्रावरचं दूध आदल्या दोन दिवसांतच अर्ध्यावर येतं. आणि या गावात एक रीत आहे. येळवशीला सकाळचं दूध घरात ठेवतात आणि संध्याकाळचं वासरांना सोडतात. त्या दिवशी दूध विकत नाहीत. केंद्राला कुलूप.

मला वाटलं, देवानंच दिवस काढून दिला. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "बघ बाबा. तुला जमत असंल तर कर. मला त्यातलं काय बी कळत न्हाय."

येळवशीच्या सकाळी अण्णांच्या घरचे सगळे डोक्यावर दुरड्या घेऊन निघाले. काकू दारात थांबल्या, म्हणाल्या की दुपारपर्यंत ये, उंडे गार व्हायच्या आत. मी म्हणालो, चालू करूनच येतो. सुपरवायझर उद्या सकाळी येणार होते.

जुने आकडे मी पेन ड्राइव्हवर काढून घेतले होते, ते परत उघडून तपासले. मग उंदीर बसवायला घेतला. तो विचारत गेला, मी सांगत गेलो. भाषा, घड्याळ, नाव. नावाच्या जागी मी 'दूध' लिहिलं. शेवटी त्यानं विचारलं, आतलं सगळं पुसू का? माझं बोट तिथं थांबलं. मग दाबलं.

बसला. सरळ बसला. प्रोग्राम टाकला, उघडला. पावतीचं यंत्र चाललं. मी मशीनची तार लावली.

काहीच आलं नाही. आकड्याच्या जागी रिकामी चौकट आणि खाली इंग्रजीत एक लाल ओळ. त्यातला एक शब्द मला येत होता. परमिशन.

तार काढली, लावली. दुसऱ्या भोकात लावली. बंद करून चालू केलं. मशीनमधून पाणी फिरवलं, परत लावली. तीच लाल ओळ. कालपर्यंत हाच उंदीर, हीच तार, हाच मी. पेन ड्राइव्हवर पाहुणा होता तेव्हा सगळी दारं उघडी होती आणि घरात घेतल्यावर त्यानं मला ओळखच दाखवली नाही.

दादांना फोन लावला. संपर्काच्या बाहेर. धाराशिवच्या दुकानदाराला लावला, वाजत राहिला. परत जुनी सिस्टीम टाकावी तर ती आणणार कुठनं? मी स्वतःच पुसली होती. तेव्हा मला कळलं की मी काय केलं. केंद्र बंद असतं म्हणून मी हा दिवस धरला. पण केंद्र ज्या कारणानं बंद असतं त्याच कारणानं सगळा जिल्हा बंद असतो. दुकानदार शेतात, दादा शेतात, वाशीतला झेरॉक्सवाला शेतात. इथल्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागलं नसतं. या दिवशी महत्त्वाचं काम काढायचं नसतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. मलाच सांगायला कुणी नव्हतं, आणि मी विचारलं पण नव्हतं.

बाहेर आलो. गावात माणूस नव्हतं. दारं ओढलेली, कुत्री पण धन्यामागं गेलेली. त्या शांततेत मी खोलीत जाऊन माझी पिशवी काढली. कपडे आत टाकले. मग वाटलं, जायचं तरी कुठं. आईला फोन लावला. ती धान कांडून घरी आलेली होती. मी काय झालं ते सांगायला लागलो आणि अर्ध्यात थांबलो, कारण तिला लॅपटॉप म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं. ती म्हणाली, "जेवलास का बाबू?" मी हो म्हणालो.

पिशवी तशीच टाकली. दुसऱ्या पिशवीत लॅपटॉप घातला आणि अण्णांच्या शेताकडं निघालो. खोटं बोलून राहण्यापेक्षा सांगून जावं, एवढंच डोक्यात होतं. वाटेत दोन्ही बाजूंनी हाका. या पाव्हणं, जेवून जावा. या दिवशी वाटेनं जाणाऱ्या कुणालाही बोलावतातच, तो कोण हे बघत नाहीत. रोज सकाळी डबड्यावरनं टोमणा मारणारे काका बांधावरनं ओरडले, "भातवाल्या, ये की. आज आमच्याकडं पण पांढरंच हाय, आंबील." मी हात हलवला आणि मान खाली घालून चालत राहिलो.

अण्णा खोपीपुढं बसले होते, आजूबाजूला भावकी. मी बाजूला बोलावून सांगायचं ठरवलं होतं, पण उभ्यानंच तोंडातनं निघून गेलं. अण्णा, मी सगळं पुसलं आणि आता मशीन चालत नाही. उद्या साहेब येणार. मी चूक केली.

सगळे बघायला लागले. अण्णांनी हातातला उंडा पत्रावळीवर ठेवला.

"परत पयल्यावानी करता येतं का?"

"नाही."

"कुणाला येतंय हे?"

"मशीनवाल्या दादांना. त्यांचा फोन लागत नाही."

अण्णांनी हात पुसले. मग ते म्हणाले, "आज तो कुठं आसंल, सांग बरं."

मला काय माहीत.

"आरं, आज माणूस एकतर त्याच्या शेतात न्हायतर सासऱ्याच्या. त्याला शेत न्हाय. मग सासऱ्याचं." ते मागं वळले. "त्या मशीनवाल्याची सासुरवाडी कुठली रं?"

कुणीतरी म्हणालं, तेर. कुणीतरी म्हणालं, तेरच्या अलीकडं, नदीकाठाला. अण्णांच्या चुलतभावाची मेव्हणी तेरला दिली होती. तिला फोन लागला. तिच्या शेतात तिचा दीर होता, त्याला ते घराणं माहीत होतं, पण त्यांचं शेत ओढ्यापलीकडं. तो म्हणाला, जेवण उरकतो आणि जातो. अण्णा म्हणाले, "जेवण मागनं कर, बाबा. आमचं इथं एक पोरगं उपाशी हाय."

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. बॅटरी जुनी, तिचा आकडा डोळ्यांदेखत खाली येत होता. पडदा मिटला, परत उघडला, परत मिटला. काकूंनी पुढ्यात पत्रावळ ठेवली. मी हात लावला नाही. त्यांनी भज्जीवर दुसरी पत्रावळ पालथी घातली, माशा बसू नयेत म्हणून.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. अण्णांचा फोन वाजला आणि पलीकडनं दादांचा आवाज आला, दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरनं, धापा टाकत.

"मला बांधावर आणून उभं केलंय यांनी. काय झालंय, बोल लवकर."

मी लाल ओळ वाचून दाखवली, एकेक अक्षर. ते हसले. मला त्या क्षणी त्या हसण्याचा राग आला आणि बरंही वाटलं.

"मशीन बिघडलं न्हाय. तार बी बरी हाय. तुला त्या तारेला हात लावायची परवानगीच न्हाय. नवीन सिस्टीमीत ती मागून घ्यावी लागती. बसवताना नाव काय टाकलंस?"

"दूध."

"काय?"

"दूध. इंग्रजीत."

"बरं. मग दुधालाच आत घ्यायचं. हुकूम लिहायची काळी खिडकी उघड. मी सांगतो तसं लिही. एक अक्षर चुकलं तर थांब, पुढं जाऊ नको."

ते एकेक अक्षर सांगत होते. डी, डब्याचा डी. आय, इमारतीचा आय. मधे वारा यायचा आणि अक्षर उडून जायचं, मी परत विचारायचो. भावकीतले सगळे गोळा होऊन बघत होते, त्यातल्या कुणालाही एक अक्षर कळत नव्हतं, आणि कुणी आवाज करत नव्हतं. माझा पासवर्ड दोनदा चुकला. मग लिहिलेली ओळ आत गेली. खाली काहीच आलं नाही.

"काहीच नाही आलं, दादा."

"काही न्हाय आलं म्हंजे झालं. आता बंद करून चालू कर, त्याबिगर ते लागू होत न्हाय. आणि..."

फोन तुटला. परत लागला नाही. बॅटरीनं पण तेवढ्यात प्राण सोडला.

म्हणजे झालं की नाही हे मला कळलंच नव्हतं. मशीन गावात, आणि बघायचं तर दूध पाहिजे. दूध कुठं होतं? त्या दिवशी संध्याकाळचं दूध वासरांचं. मी गावाकडं निघालो तेव्हा शेतात चुडी, म्हणजे कडब्याच्या मशाली, पेटवायची तयारी चालली होती. त्या घेऊन शेताभोवती फिरतात. मला कुणीतरी थांब म्हणालं. मी थांबलो नाही.

केंद्रावर लॅपटॉप चार्जिंगला लावला, चालू केला. तार लावली. लाल ओळ नव्हती. पण आकडाही नव्हता. नळीतनं पाणी सोडलं, पण पाण्याचा आकडा मशीन धरतच नाही, त्याला दूधच लागतं. लाल ओळ नाही याचा अर्थ चांगला की वाईट, ते सांगायला कुणी नव्हतं. मी ओट्यावर बसलो. मागच्या खोलीत पिशवी अर्धी भरलेली दिसत होती. ती रिकामी करायची का पूर्ण भरायची, यातलं मला काहीच ठरवता येईना.

तिन्हीसांजेला काकू आल्या. त्यांच्या हातात तांब्या होता, पदरानं झाकलेला. तो टेबलावर ठेवला.

"हे लाव त्या मशीनला. झालं की उरलेलं परत दे. वासराच्या तोंडातनं काढलंय, ते वरडाय लागलंय तिकडं."

"आज दूध देत नाहीत ना, काकू?"

"इकाय कुठं आणलंय? बघायला आणलंय."

मी वाटी भरली. मशीनला लावली. ते नेहमीसारखं गुरगुरलं, गप्प झालं, त्याच्या छोट्या पडद्यावर आकडा आला. मी लॅपटॉपकडं बघायचं धाडस केलं नाही. काकूच म्हणाल्या, "इथं बी तसंच आलंय की. फॅट चांगलं लागलंय."

चांगलं लागलं होतं. तांब्यातलं दूध त्या परत घेऊन गेल्या. जाताना दारातनं म्हणाल्या, भज्जी झाकून ठेवलीय, गार खायची नसंल तर तापव. मागच्या खोलीतली पिशवी दिसली तशी थांबल्या. "हे काय?" मी म्हणालो, कपडे धुवायला काढलेत. त्यांनी त्या पिशवीकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि गेल्या.

दुसऱ्या सकाळी सुपरवायझर पहिल्या किटलीच्या आधी आले. स्वेटर, कानटोपी, हातात मोबाईल. ओट्यावर खुर्ची टाकून बसले. पहिल्याच माणसानं नेहमीचा टोमणा मारायला तोंड उघडलं आणि लॅपटॉपचा आवाज नाही बघून विचारलं, बंद हाय का काय? पावती बाहेर आली. दुसरी आली. मी आकड्यांकडं बघत नव्हतो, तारेकडं बघत होतो, जणू ती आपणहून निघून जाईल. पिकअपनं हॉर्न वाजवला तेव्हा कॅन तयार होते.

काकूंनी साहेबांना आदल्या दिवशीची भज्जी आणि उंडा दिला. त्यांनी तो उभ्यानंच खाल्ला, हात धुतले आणि अण्णांना म्हणाले, "चालू द्या. बघू महिनाभर."

महिनाभर. मी त्याच शब्दावर अडकलो. अण्णांनी फक्त 'चालू द्या' एवढंच ऐकलं असावं, ते चहाचं सांगायला आत गेले. मी मागं जाऊन मशीनच्या नळ्या धुतल्या, हात धुतले, परत धुतले.

तो महिना गेला, त्यानंतरचेही गेले. केंद्र आहे तिथंच आहे, मीही. उंदीर चालतोय. दादांनी नंतर येऊन सगळं तपासलं आणि सासऱ्याच्या शेतातनं भरल्या ताटावरनं उठवल्याबद्दल मला भरपूर ऐकवलं. पिशवी मी त्याच दिवशी रिकामी केली, तरी ती खुंटीला असते, दिसेल अशी.

एक सवय मात्र राहिली. आधी पंख्याच्या घरघरीवरनं कळायचं की लॅपटॉप जिवंत आहे. आता तो आवाजच करत नाही. म्हणून सकाळी बटण दाबलं की मी कॅन धुवायला जात नाही. आधी त्याच्यावर तळहात ठेवतो आणि तो कोमट होईपर्यंत तसाच उभा राहतो.